वाईट बातमी सांगणारी सून

मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, पुरणपोळी जमते का. अभिजीतच्या मावशीने विचारलं, लग्नानंतर नोकरी करणार का. आणि सासरे, सुभेदार दौलतराव कणसे, ज्यांना सगळे अप्पा म्हणायचे, मांडीवर दोन्ही पंजे ठेवून ताठ बसले होते, ते मिशीआडून म्हणाले, "पोरी, वाईट बातमी सांगता येते का तुला?"

आमच्या बदलापूरच्या घरात असा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. माझ्या आईने तर मनातल्या मनात हे स्थळ तिथेच बाद केलं, हे तिने मला नंतर सांगितलं. मी तेव्हा उल्हासनगरला एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर बसत होते. लोकांच्या हातात रिपोर्टचं पाकीट द्यायचं आणि त्यांनी ते उघडून माझ्याकडे पाहिलं की डॉक्टरांना भेटा म्हणायचं, हे माझं काम. जीभही जरा लांबच होती माझी. मी म्हणाले, "येते. पगारच त्याचा घेते."

अप्पा हसले. पोह्यांची बशी अर्धीच ठेवून उठले आणि अभिजीतला म्हणाले, ठरलं. अभिजीतला कोणी काही विचारलं नाही. पुढे मी त्याला कितीदा चिडवलं, की तुझ्यासाठी नाही, तुझ्या बापाने मला स्वतःच्या कामासाठी पसंत केलंय. ते खरंच होतं.

त्या प्रश्नामागे काय होतं ते लग्नानंतर महिनाभराने सासूबाईंनी सांगितलं, भाजी निवडता निवडता.

हे लोक मूळचे साताऱ्याकडचे. अप्पांचे थोरले भाऊ हिंदुराव अंबरनाथला कारखान्यात लागले, तसं घरही इकडे आलं. अप्पा फौजेत. त्यांची आई, म्हणजे गोजरबाई, सासूबाई आणि लहानगा अभिजीत हे सगळे हिंदुरावांच्या घरी राहायचे. गोजरबाईंना लिहिता येत नव्हतं. धाकट्याला पत्र पाठवायचं म्हणजे त्या खाटेवर बसून सांगायच्या आणि हिंदुराव लिहायचे. शेवटी सहीच्या जागी त्या हळदीत बोट बुडवून कागदावर टेकवायच्या. अप्पा काश्मीरात असोत की आसामात, पत्र उघडलं की आधी खाली बघायचे. पिवळं बोट दिसलं की मग वर वाचायला घ्यायचे.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात गोजरबाई गेल्या. अप्पांची पलटण तेव्हा बर्फात उंचावर होती, रस्ता बंद होता. हिंदुरावांनी विचार केला, येता तर येणार नाही, आणि बंदूक हातात घेऊन एकटा तिथे रडत बसेल. रजा मिळाली की घरी येईल तेव्हा बघू. म्हणून तार केली नाही. आणि अप्पांचं पुढचं पत्र आलं तेव्हा त्याला उत्तरही दिलं, आईच्या नावाने, नेहमीसारखं. इकडील सर्व खुशाल. माझी तब्येत बरी आहे. तू अंगावर पांघरूण घेत जा. अशी तीन पत्रं गेली.

दुसऱ्या पत्रानंतर अप्पांना हवालदाराची फीत मिळाली. आईने आशीर्वाद लिहून पाठवलाय म्हणून त्यांनी लंगरातल्या आचाऱ्याकडून जिलेबी करवून घेतली आणि सगळ्या चौकीला वाटली. आई जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. चैत्रात ते रजेवर आले, आईसाठी लोकरी शाल घेऊन, आणि दार उघडल्यावर समोर हार घातलेला फोटो.

"सगळं समजून घेतलं असतं त्यांनी," सासूबाई म्हणाल्या. "पण त्या पत्रांवर हळदीचं बोट होतं ना."

अक्षर हिंदुरावांचंच असायचं, त्यात फसवण्यासारखं काही नव्हतं. बोटसुद्धा त्यांनी स्वतःचं उमटवलं, हे अप्पांना सहन झालं नाही. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बायको-पोराला घेऊन अंबरनाथ पश्चिमेला भाड्याची खोली घेतली. भांडले नाहीत, शिवी दिली नाही. सासूबाईंनाही यात सगळं माहीत होतं, पण घरातली धाकटी सून थोरल्या दिरापुढे काय बोलणार, म्हणून तिला त्यांनी माफ केलं. भावाला केलं नाही. पस्तीस वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. लग्नाकार्यात एकाच मांडवात दोन टोकांना बसायचे आणि एकमेकांच्या पोराबाळांच्या हातात आहेर ठेवून निघून जायचे.

तेव्हापासून कणशांच्या घरात एकच नियम. जेवायला उशीर चालेल, परीक्षेत नापास झालेलं चालेल, पण वाईट बातमी त्याच दिवशी आणि सरळ सांगायची. मी तो नियम पाळला. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्या आता अंथरुणातून उठणार नाहीत, तेव्हा अभिजीत म्हणाला होता, थोडं थांबू. मी थांबले नाही. कॉरिडॉरमध्ये अप्पांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि आहे तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शाब्बास, पोरी."

त्यानंतर चार वर्षं त्या माणसाने बायकोचं सगळं केलं. बाई ठेवू म्हटलं तर म्हणायचे, तिने माझी वीस वर्षं वाट बघितली, आता माझी ड्युटी. सकाळी सहाला तिचं तोंड धुवायचं, केस विंचरून घट्ट अंबाडा घालायचा. अंबाडा काही केल्या सरळ बसायचा नाही, रोज एका कानाकडे कललेला. माझ्या मुलीची, राजसीची वेणीही तेच घालायचे आणि तीही शाळेत पोचेपर्यंत वाकडी. रविवारी घरातल्या सगळ्यांची पायताणं गॅलरीत ओळीने मांडून पॉलिश करायचे, माझ्या रबरी चपलांनासुद्धा ब्रश मारायचे. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचा हात अप्पांच्या हातात होता. फसवणूक काही झाली नाही. म्हणून ते दुःख त्यांनी नीट पेललं.

आता चंदूबद्दल सांगायला हवं. चंदू म्हणजे स्टेशनजवळचा सलूनवाला, वयाने अप्पांच्या मागेपुढेच. हिंदुराव रिटायर होऊन विठ्ठलवाडीला राहायला गेले तरी केस कापायला दोन स्टेशनं मागे चंदूकडेच यायचे. अप्पाही चंदूकडेच. महिन्याचा पहिला रविवार थोरल्याचा, दुसरा धाकट्याचा, हे आपोआप ठरलं होतं. अप्पा खुर्चीत बसले की सहज विचारल्यासारखं विचारायचे, काय म्हणतंय विठ्ठलवाडी. चंदू कात्री चालवत सांगायचा, गुडघे दुखतात म्हणत होते, नातू इंजिनीअर झाला. पस्तीस वर्षं भावाची खबर त्या खुर्चीतून यायची आणि जायची. आम्हाला हे माहीत होतं. माहीत असून आम्ही ते विसरलो, त्याचं पुढे सांगते.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात अप्पांच्या छातीत दुखायला लागलं. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात एक स्टेंट टाकला. डॉक्टर म्हणाले, दोन महिने जपा, मनाला धक्का बसेल असं काही नको. घरी आणल्यापासून हिंदुरावांचा मला रोज दुपारी फोन यायचा. दौलत जेवला का, झोप लागते का, एवढंच विचारायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अप्पांनी मला पकडलं. कोणाचा फोन? मी सांगितलं. लपवायची मला सवयच नव्हती.

ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. नंतर आत येऊन म्हणाले, दसऱ्याला विठ्ठलवाडीला जाऊ. सोनं द्यायला धाकट्यानेच थोरल्याकडे जायचं असतं. मी म्हटलं, फोन लावून देऊ का? तर म्हणाले, "फोनवर नको. पस्तीस वर्षांचं बोलणं फोनवर होत नाही."

मी हे हिंदुरावांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "येऊ दे की. मी कुठं चाललोय."

घटस्थापना झाली. आमच्याकडे देवीचा घट बसतो, नऊ दिवस अखंड दिवा असतो, रोज एक माळ चढते. सासूबाईंच्या मागे सगळी पूजा अप्पाच करायचे. नवरात्रात दाढी करायची नाही हाही त्यांचा नेम, सबंध वर्षात गालावर खुंट दिसायचे ते तेवढ्याच दिवसांत. दुसऱ्या माळेच्या दिवशी सकाळी हिंदुराव बाथरूममध्ये पडले आणि गेले.

फोन अभिजीतला आला. तो स्वयंपाकघरात येऊन दार लोटून उभा राहिला. त्याला वाढवलं होतं हिंदुरावांनी, तोंडावर टॉवेल दाबून रडला. मग म्हणाला, "अप्पांना सांगायचं नाही. दसरा होऊ दे."

मी काय म्हणाले असेन? मी, पगार घेऊन वाईट बातमी सांगणारी, घरातला नियम ज्याच्यामुळे झाला ते माहीत असणारी? मी म्हणाले, बरं. डॉक्टर काय म्हणाले ते डोक्यात होतं. बाहेरच्या खोलीत अप्पा झेंडूची फुलं ओवत होते आणि राजसीला सांगत होते, मोठ्या आजोबांकडे गेलीस की वाकून नमस्कार कर, ते रागीट दिसतात पण नाहीत. त्या माणसाजवळ जाऊन बसायची हिंमत मला झाली नाही. खरं कारण हेच आहे. डॉक्टरांचं नाव मी नंतर सगळ्यांना सांगत राहिले.

अभिजीत ऑफिसला म्हणून अंत्यविधीला गेला. जाताना अप्पांचा फोन, सिम बदलायचंय सांगून, घेऊन गेला. अप्पांना अजून जिना उतरायची परवानगी नव्हती, त्यामुळे बाहेरून कळायची भीती नव्हती. सगळं कसं व्यवस्थित जमून आलं.

एकच गोष्ट अडत होती. सख्खा भाऊ गेला म्हणजे दहा दिवस सुतक. घराला सुतक, म्हणजे मलाही. देवाला शिवायचं नाही, दिवा लावायचा नाही, माळ चढवायची नाही. शेजारच्या विनिताताईंना सांगितलं असतं तर त्यांनी येऊन घट सांभाळला असता. पण त्यांना सांगायचं म्हणजे अप्पांना कारण सांगायचं. मग मी काय केलं? मी अप्पांना म्हणाले, मी बाहेरची आहे, माळा तुम्हीच चढवा. पाच दिवस झाल्यावर म्हणाले, यंदा जरा जास्तच त्रास होतोय. अभिजीत पूजेच्या आधीच घराबाहेर पडायचा. आम्ही दोघांनी आपापले हात काढून घेतले आणि सुतकातल्या म्हाताऱ्या माणसाला देवापुढे एकटं बसवलं. ते वाकून दिव्यात तेल घालायचे, मी दारातून बघायचे. नैवेद्य मला शिजवता येत नाही म्हणून तेही दुधात साखर घालून स्वतःच दाखवायचे. एक दिवस म्हणाले, विश्रांती घे पोरी, तोंड उतरलंय तुझं.

त्या वेळी बोलायला हवं होतं. आज इतकं सोपं वाटतं ते.

दसऱ्याच्या सकाळी अप्पा लवकर उठले. घट हलवला, उगवलेल्या धान्याचे कोंब टोपीत खोवले. कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला. आजपासून डॉक्टरांनी जिना उतरायची परवानगी दिलीय, चंदूकडे जाऊन दाढी-कटिंग करून येतो, मग विठ्ठलवाडी, असं राजसीला म्हणाले आणि मी आंघोळीला होते तेवढ्यात निघाले. अभिजीतने ठरवलं होतं की नाश्ता झाल्यावर हळूच सांगायचं. चंदू कोणाच्या लक्षात राहिला नाही.

पुढचं मला चंदूनेच सांगितलं. अप्पा दुकानात शिरले. नऊ दिवसांची दाढी वाढलेली, चेहरा आजारपणाने ओढलेला. चंदूने बघितलं आणि हात जोडले. त्याला वाटलं दाढी सुतकाची आहे. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही कशाला आलात? उद्या दहावा. मी येतोय ना विठ्ठलवाडीला, तिथेच सगळ्यांची करतो."

अप्पांनी विचारलं, कोणाचा दहावा.

चंदू म्हणतो, माझ्या आयुष्यात एवढी वाईट दुसरी कुठली गोष्ट माझ्या तोंडून गेली नसेल. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. अप्पा बसले नाहीत. पडलेही नाहीत. डॉक्टर ज्याला धक्का म्हणतात तो उभ्याने घेतला आणि चालत घरी आले.

मी दार उघडलं. त्यांनी टोपीतले कोंब काढून माझ्या हातात दिले, मग खिशातली आपट्याची पानं काढून टीपॉयवर ठेवली. अभिजीत पुढे झाला, अप्पा तुमच्या तब्येतीसाठीच, असं काहीतरी बोलायला लागला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, "कधी?"

"दुसऱ्या माळेला," मी म्हणाले.

ते बोटांवर मोजत राहिले. मग म्हणाले, "आठ माळा चढवल्या मी. थोरला तिकडे गेलेला आणि मी इकडे देवीला दूध-साखर दाखवतोय." टीपॉयवरची पानं त्यांनी एकावर एक नीट ठेवली. "तिकडे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी जिलेबी वाटली. ते चुकून झालं म्हणून सोडून दिलं होतं मी मनातून, दसऱ्याला त्याला तेच सांगणार होतो. पण तू स्वतः देवाला शिवली नाहीस, तेजल. तुला सुतक माहीत होतं. तू तुझे हात काढून घेतलेस आणि मला दिवा लावू दिलास."

  मी पाया पडायला वाकले तर ते मागे सरकले.

ते त्याच दिवशी एकटे विठ्ठलवाडीला गेले. दुसऱ्या दिवशी दहाव्याला चंदूने त्यांचं डोकं केलं, मिशी उतरवली. पन्नास वर्षं ठेवलेली मिशी. पुन्हा त्यांनी ती वाढू दिली नाही, त्यामुळे पुढे जेवढे दिवस ते आमच्यात होते तेवढे दिवस समोर बसलेला माणूस थोडा अनोळखीच वाटायचा.

रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. रविवारी पायताणांना पॉलिश होत राहिलं, राजसीला अभ्यासाला बसवत राहिले, अभिजीतला सर्दी झाली तर काढा करून दिला. घरावरची माया तसूभर कमी केली नाही. फक्त मला पोरी म्हणायचं बंद झालं. "सूनबाई, तुम्ही जेवून घ्या," असं म्हणायला लागले. आणि बातमी घरातून घेणं त्यांनी सोडून दिलं. सकाळी चौकात जाऊन भावपूर्ण श्रद्धांजलीचे सगळे फ्लेक्स वाचून यायचे. नातेवाइकांना स्वतः एकेक फोन लावून विचारायचे, सगळे आहेत ना. मी समोर बसलेली असायचे. अभिजीत म्हणायचा, जाऊ दे गं, होईल कमी. तो त्यांचा मुलगा, त्याला मुलगेपणा आपोआप मिळालेला. मला मात्र त्यांनी एका गोष्टीवर विश्वास ठेवून घरात आणलं होतं आणि तेवढीच गोष्ट माझ्याकडून झाली नव्हती.

या वर्षी होळीनंतर त्यांना पुन्हा हॉस्पिटलात न्यावं लागलं. या वेळी हृदयच दमलं होतं. दुपारी साडेतीनला डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, आता फार तर दोन-तीन दिवस. अभिजीत औषधं आणायला खाली गेला होता. मी त्याची वाट बघितली नाही, त्याला विचारलंही नाही. चार वाजता भेटायची वेळ झाली तशी आत गेले आणि स्टूल ओढून त्यांच्या अगदी शेजारी बसले, सासूबाईंच्या वेळी कॉरिडॉरमध्ये बसले होते तशी.

अप्पांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार, लॅबमध्ये पाकीट उघडून लोक वाचायचे तसं त्यांनी ते वाचलं. मी म्हणाले, "अप्पा, डॉक्टर..."

त्यांनी हात थोडासा वर केला, मला थांबवायला. पलीकडे तेजस्वी नावाची नर्स सलाईन बघत होती, विशीतली मुलगी. तिच्याकडे मान वळवून ते म्हणाले, "सिस्टर, माझं काय आहे ते तुम्ही सांगा. आमच्या घरात वाईट बातमी सांगता येणारं कोणी नाही."

त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती त्यांच्या जवळ आली, हात हातात घेतला आणि हळू आवाजात सांगितलं. अप्पांनी शांतपणे ऐकलं, दोनदा मान डोलावली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"शाब्बास, पोरी," म्हणाले.

मी स्टुलावर बसून राहिले. जे वाक्य तिने सांगितलं, जवळजवळ तेच मी बाहेर जिन्यापाशी उभी राहून तीन वेळा म्हणून पाहिलं होतं.